बाईंच्या नावाची कमान झाली, आता उपकेंद्राचं कुलूप काढा

डोंगरवाट सुशोभीकरण समितीच्या अध्यक्षांना व सर्व सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

कमानीचं उद्घाटन थाटात झालं. ढोल होते, लेझीम होतं, फेटे होते. शाळेतल्या पोरांना उन्हात ताटकळत ठेवलं तेवढं सोडलं, तर नाव ठेवायला जागा नव्हती. ज्या बाईंच्या नावाने आपण ही वाट ‘साहसी पदभ्रमण मार्ग’ म्हणून जाहीर केलीत, त्यांच्याविषयी व्यासपीठावरून बरेच जण बोलले. निसर्गप्रेमी, धाडसी, सह्याद्रीची कन्या, सगळं झालं. बाई नर्स होत्या हे मात्र एकाच वक्त्याला सांगावंसं वाटलं, तेही आभार मानता मानता.

कमान वाटेच्या अलीकडच्या टोकाला, डांबरी रस्त्यावर आहे. पलीकडच्या टोकाला आमची वाडी आणि वाडीच्या वरच्या अंगाला आरोग्य उपकेंद्र. बाईंची सगळी नोकरी तिथे गेली. उद्घाटनाच्या दिवशी त्या उपकेंद्राला कुलूप होतं. आजही आहे. कमानीला निधी मिळाला, उपकेंद्राला नर्स मिळत नाही, आणि कमानीवर नाव एका नर्सचं. माझी मुख्य तक्रार ही. बाकीच्या हिच्याच पोटातल्या आहेत.

हे सगळं आपल्याला आधी अर्जाने कळवलं होतं. पोचपावती माझ्याकडे आहे, उत्तर नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

मी या वाडीतलीच. प्राथमिक शाळेत शिकवलं, निवृत्त झाले आणि परत इथेच राहायला आले. माझी आई सुईण होती. बाईंच्या मागून कंदील धरून रात्री-अपरात्री ही वाट चालणारी बाई म्हणजे माझी आई. त्यामुळे या वाटेबद्दल मला जे माहीत आहे ते बरंचसं तिच्या तोंडचं आहे, आणि उरलेलं माझ्या स्वतःच्या पायांचं.

बाईंचं पूर्ण नाव आपल्या कमानीवर आहे. (त्यात एक वेलांटी चुकली आहे. सुधारताना एकदा कुणालातरी विचारून घ्या.) या पत्रात मी त्यांना बाईच म्हणणार. वाडीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही, आणि त्यांच्या भाच्यांनीही मला सांगितलंय की नाव आणखी गाजवू नका, काम काय ते बोला.

तर काम. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्यानंतर थोड्याच वर्षांत बाई इकडे नेमणुकीवर आल्या. कासच्या पठारावरून पश्चिमेला कोयनेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या या डोंगरात तेव्हा रस्ता नव्हता. धरणाचं पाणी चढलेलं, खालची गावं त्यात गेलेली, माणसं पांगलेली. जी उरली ती वर सरकून चार-चार घरांच्या वाड्या करून राहिलेली. इथली नेमणूक म्हणजे शिक्षा, असं सगळे धरून चालायचे. आधी आलेल्या बायकांनी पहिला पाऊस बघितला आणि बदल्या करून घेतल्या, असं आई सांगायची. त्यांनाही दोष देता येत नाही. इथला पाऊस एकदा लागला की दिवसचे दिवस समोरचं माणूस दिसत नाही.

बाई राहिल्या. पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पावसाळ्यात डोक्यावर इरलं, खांद्याला पिशवी आणि हातात काठी. आईला त्यांनी पहिल्यांदा काय शिकवलं असेल, तर हात धुवायला. मग नाळ कापायचं पातं उकळायला, दोरा उकळायला, नाळेला शेण-राख लावायची नाही हे घरातल्या म्हाताऱ्यांना न भांडता सांगायला. सरकारने सुईणींची प्रशिक्षणं पुढे काढली. आईचं प्रशिक्षण आमच्या चुलीपुढे झालं होतं.

आई सांगायची, एकदा भर आषाढात पलीकडच्या वाडीतून निरोप आला. ओढा दुथडी. आई म्हणाली, “बाई, वड्याला लई पाणी हाय, उजाडल्यावर जाऊ.” बाई म्हणाल्या, “पोर उजाडायची वाट बघतंय व्हय गं?” आणि साडीचा काचा मारून पाण्यात उतरल्या. पिशवी डोक्यावर, दोघींमध्ये एक दोर. तो दोर गाईचा होता, हे आई दरवेळी न चुकता सांगायची, कारण घरी आल्यावर गाय सुटलेली सापडली.

देवीची लस टोचायला त्या याच वाटेने फिरल्या. दोन टोकांची ती बारीक सुई, दंडावर भराभर टोचे, पोरं पळून रानात. माझ्या पिढीतल्या वाडीतल्या प्रत्येकाच्या दंडावर ती खूण आहे. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. हे मी पुढे वर्गात शिकवायचे तेव्हा पुस्तकात संघटनांची नावं असायची. ती असावीतच. पण लस वाडीपर्यंत आली ती इरल्याखालून.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा चार वाजून गेले होते. कोयनानगरकडे झालेल्या हानीपुढे आमच्याकडचं काहीच नव्हतं, पण भिंती इथेही खचल्या. थंडीत माणसं पोराबाळांना घेऊन खळ्यात बसलेली. उजाडेपर्यंत बाई तीन वाड्या फिरून आल्या होत्या. वरून दगड सुटत होते, म्हणून त्या वाटेने एकट्याच गेल्या, आईलाही बरोबर घेतलं नाही. धाडसाचा प्रसंग सांगायचाच होता तर व्यासपीठावर हा सांगायचा. आपण मात्र सांगितलंत की त्यांना सूर्यास्त बघायला आवडायचा. आवडत असेलही.

गंमत त्यांनाही कळायची, तसं नाही. सुट्टीच्या दिवशी वाडीतल्या आम्हा पोरींना घेऊन त्या बामणोलीला उतरायच्या, लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ल्यावर न्यायच्या. पोरींना कशाला डोंगर चढायला, असं विचारणाऱ्यांना त्यांनी काय उत्तर दिलं असेल, ते ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना सांगायला नको. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत डिसेंबर १९९५ मध्ये पहिली पल्स पोलिओ मोहीम आली. तोवर गुडघे बोलायला लागले होते. तरी बर्फाच्या लाद्या घातलेला तो डबा खांद्याला लावून त्याच चालत आल्या. डबा उन्हात ठेवला म्हणून एका शिपायाला झापलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

आता वाट. आपल्या माहितीफलकावर लिहिलंय, ‘पूर्वापार चालत आलेली नैसर्गिक पायवाट’. पूर्वापार खरं आहे, नैसर्गिक नाही. ओढ्यावरच्या चढावर पावसाळ्यात वाटच ओढा व्हायची. बाईंनी वाडीतल्या बाप्यांना गोळा केलं आणि दोन उन्हाळे श्रमदानाने दगड बसवून घेतले. बसवले कसे ते नीट बघण्यासारखं आहे, निदान होतं. चढाच्या तोंडापासून थोड्या थोड्या अंतरावर वाटेला आडवा एक लांब जांभ्याचा दगड. सरळ आडवा नाही, तिरका. दरीकडचं टोक किंचित खाली, डोंगराकडचं किंचित वर, आणि निम्म्याहून अधिक दगड जमिनीत गाडलेला. वरून आलेलं पाणी त्या दगडाला लागतं, तिरपं होतं आणि वेग धरायच्या आत दरीत उतरतं. दोन दगडांच्या मधली वाट कोरडी राहते. डोंगराच्या अंगाला हातभर रुंद चर, तो दर वर्षी मृगाच्या आधी साफ करायचा. या कामात सिमेंटची एक गोणीसुद्धा लागली नव्हती. बाई गेल्या तरी दगड जागेवर होते, गेल्या वर्षापर्यंत.

नावाला माझा विरोध आहे, असं कुणी समजू नये. माणसांची नावं डोंगराला द्यायची आपल्या जिल्ह्यात जुनी रीत आहे. महाबळेश्वरला जा, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, विल्सन, केट, लॉडविक. हा लॉडविक १८२४ साली महाबळेश्वरचा डोंगर चढून जाणारा पहिला युरोपीय अधिकारी म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या मुलाने उभारलेला खांब तिथे आजही आहे. त्याला वाट दाखवणारा कुणीतरी इथलाच असणार, त्याचा खांब नाही. तेव्हा इथल्या एका बाईचं नाव इथल्या वाटेला लागलं, ही मला आनंदाचीच गोष्ट आहे. पण ज्या वाटेला नाव दिलंत तिचं पुढे काय केलंत, ते आता क्रमाने सांगते.

पहिलं, फाटक. कमानीखाली आपण लोखंडी फिरतं फाटक बसवलंत, एका वेळी एक माणूस जाईल असं. बाजूची जागा रेलिंगने बंद. पर्यटकांची मोजदाद होते, तिकीट चुकत नाही, हे मान्य. पण वाडीतून आजारी माणूस येतो तो डोलीतून. बांबूला घोंगडी किंवा चादर बांधायची, पुढे दोघं, मागे दोघं. ती फिरत्या फाटकातून जात नाही. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्याला गवत कापताना फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं. चौघांनी डोंगर उतरवून त्याला कमानीपर्यंत आणला. पलीकडे १०८ची गाडी उभी, दिवा फिरतोय, आणि मध्ये फाटक. संध्याकाळ झाली होती, तिकिटावरचा माणूस निघून गेलेला. शेवटी डोली रेलिंगवरून उचलून पलीकडे दिली. म्हातारा डोलीत असा काही कलंडला की पलीकडच्यांनी त्याला अक्षरशः झेलला. तो वाचला. फुरसं चावल्यावर हलवाहलव जितकी कमी आणि दवाखाना जितका लवकर तितकं बरं, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत आहे. नर्सच्या नावाच्या कमानीखालून रुग्ण जाऊ शकत नाही, हे आराखडा मंजूर करताना कुणाच्याच लक्षात आलं नसेल का? गुरांचं मी वेगळं लिहीत नाही. ती खालच्या बाजूने नवीन वाट पाडून जातात आणि तिथली माती सुटायला लागली आहे.

दुसरं, काँक्रीट. कमानीपासून ओढ्यावरच्या चढापर्यंत आपण काँक्रीट ओतलंत, कडेला पेव्हर ब्लॉक लावलेत. त्यासाठी जेसीबी आणून वाट दुप्पट रुंद केलीत. तिरके दगड त्या वेळी उखडले गेले, काही खाली दरीत लोटले, काही काँक्रीटखाली गाडले. चर बुजला. पाण्याला बाजूला जायला जागा कुठेही ठेवलेली नाही. मग पहिल्याच पावसाळ्यात जे व्हायचं ते झालं. सगळ्या चढाचं पाणी गुळगुळीत काँक्रीटवरून एकजीव होऊन खाली आलं आणि जिथे काँक्रीट संपतं तिथे त्याने कंबरभर खड्डा पाडला. स्लॅबची कड आता अधांतरी लोंबते आहे, खालून हात घातला तर कोपरापर्यंत जातो. जे काँक्रीट टिकलंय त्यावर श्रावणात शेवाळ धरतं. आमच्या बायका डोक्यावर भारा घेऊन त्यावरून अनवाणी चालतात, चप्पल घातली तर घसरतात म्हणून. गाईगुरांचे खूर त्यावर ठरतच नाहीत. दगडमातीच्या वाटेवर कधी घसरलं नाही ते जनावर सपाट काँक्रीटवर पाय फाकून बसलेलं मी पाहिलं आहे.

ही रक्कम किती झाली ते फलकावर नाही. अंदाजपत्रक मागितलं तर ‘बघून सांगतो’ असं सांगण्यात आलं.

तिसरं, झरा. जेसीबीने काढलेला राडारोडा कुठेतरी टाकायलाच हवा होता, तो उतारावर लोटला. त्या उताराच्या पायथ्याशी आमचा झरा आहे. मे महिन्यात वाडीचं पिण्याचं पाणी त्याच्यावर असतं. हंडा बुडायचा तिथे आता वाटी धरावी लागते, आणि ती वाटीही निवळायला ठेवावी लागते. यावर वेगळं बोलायची गरज नाही. कुणीही येऊन बघावं.

चौथं, गाड्यांची जागा. कमानीशेजारच्या सड्यावर मुरूम टाकून आपण पार्किंग केलंत. सडा म्हणजे आपल्याला ओसाड कातळ वाटला असेल. उन्हाळ्यात तो तसाच दिसतो. त्या जांभ्यावर माती असते बोटभर, आणि श्रावण-भाद्रपदात त्या बोटभर मातीवर काय उगवतं ते बघायला लोक मुंबई-पुण्याहून कासला येतात. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, आणि साचलेल्या पाण्याच्या डबक्यात वायतुरा. एका वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, आणि तो धोक्यात आलेल्या वनस्पतींत मोडतो. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आमचा सडा त्या यादीच्या रेघेच्या आत की बाहेर, हा वाद आपण नकाशे घेऊन घाला. डबकं बुजवलं की झाड गेलं, ते रेघ बघत नाही. आणि गाड्या अलीकडच्या गायरानाच्या कडेला, रस्त्यालगत उभ्या राहू शकतात. आधी तिथेच राहायच्या.

पाचवं अगदी किरकोळ आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. कमानीच्या खांबावर रंगवलेलं बाईंचं चित्र. जीन्स, पाठीवर मोठी सॅक, डोक्यावर उलटी टोपी, हात आभाळाकडे. बाईंनी ते पाहिलं असतं तर आधी पोट धरून हसल्या असत्या, मग रंगाऱ्याला पाणी पाजून विचारलं असतं, “ही कोण रे?” त्यांचा फोटो वाडीत तीन घरांत आहे. मागितला असता तर दिला असता.

आता ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच, ते उपकेंद्र.

डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा सरकारचाच निकष आहे. मैदानी भागात तो पाच हजारांचा. डोंगरात कमी लोकांसाठी वेगळं केंद्र का, याचं उत्तर निकष ठरवणाऱ्यांना माहीत होतं. इथे दोन किलोमीटर म्हणजे दोन किलोमीटर नसतात. त्या निकषावर आम्हाला उपकेंद्र मिळालं, इमारत मिळाली, तिला रंगही लागला. पाटीवरचं नाव मध्यंतरी बदललं, नवी पाटी जुनीपेक्षा मोठी आहे. आत नर्स नाही. जागा रिक्त आहे, कार्यभार खालच्या गावातल्या सिस्टरकडे ‘अतिरिक्त’ म्हणून दिलेला आहे. त्या बिचाऱ्या आधीच स्वतःच्या गावांना पुरत नाहीत. महिन्यातून एकदा लसीकरणाचा दिवस ठरतो, पावसाळ्यात तोही पुढे ढकलला जातो. आमची आशाताई चालत फिरते, नोंदी ठेवते, गोळ्या देते. तिच्या हातात जेवढं आहे तेवढं ती करते. रक्तदाब बघायचं यंत्र कुलपाच्या आत आहे, ती बाहेर.

परिणाम काय, तर वाडीतल्या गरोदर पोरी आठव्या महिन्यातच सातारला किंवा मेढ्याला नातेवाइकांकडे जाऊन राहतात. ज्यांचे नातेवाईक नाहीत त्या खोली भाड्याने घेतात. नवरे मुंबईला, घर म्हाताऱ्यांवर, गुरं शेजाऱ्यांवर. दवाखान्यात बाळंतपण होतंय हे चांगलंच आहे, मला आईच्या काळाचं कौतुक मिरवायचं नाही. त्या काळात पोरं आणि बाया मेल्या, ते आईच्याच तोंडून ऐकलंय. पण बाळंतपणाआधीचे आठ महिने आणि नंतरची दोन वर्षं बघायला कुणीतरी लागतं. रक्त किती आहे, पायाला सूज आहे का, पोराचं वजन वाढतंय का, म्हाताऱ्याच्या गोळ्या संपल्यात का. साठ वर्षांपूर्वी हे बघायला इरलं घेऊन एक बाई यायची. आता कमानीपर्यंत डांबरी रस्ता आहे, मोबाइलला रेंज आहे, वाटेला रेलिंग आहे, आणि ती बाई नाही.

आपण म्हणाल, आमची समिती पर्यटनाची, आरोग्य हा आमचा विषय नाही. हे उत्तर मला तोंडी एकदा मिळालंही आहे. आपल्या समितीत जे अधिकारी आहेत त्यांच्यापैकी काहींच्या सह्या दोन्हीकडे चालतात, हे मी नम्रपणे लक्षात आणून देते. दुसरं असं, की विषय तुम्ही निवडलात. वाटेला ‘सूर्यास्त मार्ग’ म्हटलं असतं, तर मी फक्त काँक्रीटबद्दल लिहिलं असतं. तुम्ही एका नर्सचं नाव लावलंत, तिच्या नावावर तिकीट लावलंत. मग तिच्या खुर्चीत माणूस का नाही, हे आम्ही तुम्हालाच विचारणार.

काही मंडळी मला खासगीत सांगतात, बाई, पर्यटक आले तर वाडीला चार पैसे मिळतील, कशाला आडवं येताय? मी आडवी येत नाही. वाडीतल्या दोघी-तिघींनी नाचणीची भाकरी आणि पिठलं द्यायला सुरुवात केली आहे, चांगलं चाललंय, आणखी चालावं. पण येणारा पर्यटकही घसरतो, त्यालाही साप चावतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बोरणे घाटात फोटो काढताना एक तरुणी दरीत गेली. तिला होमगार्डच्या आणि इथल्याच पोरांच्या मदतीने दोराने वर काढलं, सगळ्या महाराष्ट्राने ते मोबाइलवर पाहिलं. आमच्या वाटेवर असं झालं तर सगळ्यात जवळचं उपचाराचं ठिकाण कुठलं? ते कुलूप लावलेलं उपकेंद्रच.

तर आमच्या मागण्या. वाडीतल्या बैठकीत त्या वाचून दाखवल्या आहेत, तेव्हा या माझ्या एकटीच्या नाहीत.

उपकेंद्रातलं नर्सचं रिक्त पद भरा. भरायला वेळ लागणार असेल तर तोवर आठवड्यातले दोन ठरलेले दिवस नर्सने उपकेंद्रात बसावं आणि ते दिवस दारावर लिहावेत. किल्लीची एक प्रत आशाताईकडे लेखी देऊन ठेवावी.

फिरतं फाटक काढा. तिकीट घ्यायचंच असेल तर माणूस बसवून घ्या, आणि वाडीकरांना, त्यांच्या गुरांना, त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना तिकीट नको. डोली सरळ जाईल एवढी मोकळी जागा चोवीस तास उघडी राहिली पाहिजे.

काँक्रीट आहे तिथे थांबवा, ओढ्याच्या पुढे नेऊ नका. जे ओतलंय त्यात ठरावीक अंतरावर तिरके छेद घेऊन पाण्याला वाट द्या, बुजवलेला चर मोकळा करा, अधांतरी लोंबणारी कड पावसाआधी तोडा. पुढच्या वाटेवर दगड पूर्वीसारखे बसवा. ते बसवलेल्यांपैकी दोन म्हातारे अजून आहेत, कुठल्या कोनात बसवायचे ते सांगतील. मजुरी वाडीतल्या लोकांना द्या.

झऱ्यावरचा राडारोडा उचला. हे काम यंत्राने नाही, घमेल्याने करावं लागेल, नाहीतर उरलेला उतारही खाली येईल.

सड्यावरचा मुरूम काढा आणि गाड्या रस्त्याकडेला न्या.

कामाचं अंदाजपत्रक, आतापर्यंतचा खर्च आणि जिथे वनजमीन लागते तिथली परवानगी, ही कागदपत्रं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. माहितीच्या अधिकाराखाली मी अर्ज केलेलाच आहे आणि त्याच्या ३० दिवसांच्या मुदतीकडे माझं लक्ष आहे. पण मागितल्यावर देण्यापेक्षा आपणहून दिलेलं बरं दिसतं.

वेलांटी आणि चित्र यांच्यासाठी मी अडून बसणार नाही. पण सुधारलंत तर वाडीतल्या म्हाताऱ्या खूश होतील.

फाटक, चर आणि झरा ही तीन कामं मृगाच्या आत व्हायला हवीत, ती पावसात होणार नाहीत. नर्सचं पद भरायला किती वेळ लागतो हे मला सरकारी नोकरी केल्यामुळे माहीत आहे. म्हणून त्यासाठी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत लेखी उत्तराची वाट बघू. त्या ग्रामसभेत हा विषय येणार आहे, तो आम्ही विषयपत्रिकेवर घ्यायला लावला आहे. तोवर काही हललं नसेल, तर वाडी, खालची वाडी आणि पलीकडच्या दोन वाड्या मिळून आम्ही उपकेंद्राच्या पायरीवर बसू. घोषणा नाहीत, रास्ता रोको नाही. पर्यटकांना पाणी विचारू आणि आम्ही इथे का बसलोय ते सांगू.

त्याआधी समितीतल्या कुणाला पाहणीला यायचं असेल तर जरूर या. गाडी कमानीपाशी ठेवावी लागेल, पुढे चालणं आहे, चढ आहे. येताना पिण्याचं पाणी बरोबर आणा. झऱ्याचं अजून गढूळच आहे.

कळावे,

वाडीची एक रहिवासी, निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जि. सातारा